शनिवारचं खोटं

कॉलेजात सरांनी फळ्यावर ‘चिकित्सक विचार’ असे दोन शब्द लिहिले आणि खाली रेघ ओढली. वर्गातल्या सगळ्यांनी ते उतरवून घेतले. मीही घेतले. पुढच्या महिन्यात आम्हाला चौथीच्या वर्गावर सराव पाठ घ्यायचे आहेत, आणि लहान मुलांना विचार करायला कसं शिकवायचं हा विषय माझ्या वाट्याला आला आहे. मैत्रिणी म्हणाल्या, तुला सोपा मिळाला. मला मात्र भीती वाटली. हे शिकवणारा एक माणूस मी लहानपणी पाहिला आहे. त्या शिकवण्यातून काय काय होऊ शकतं, तेही पाहिलं आहे.

मला हे नीट सांगता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि लिहायची सवय परीक्षेपुरती. पण पाठाची तयारी करायला बसले की गुरुजीच समोर येतात, तेव्हा आधी त्यांच्याबद्दल लिहून टाकावं असं वाटलं.

गुरुजी घाटनांदूरकडचे, बऱ्या शेतीवाल्या घरातले. तेलगावपासून आत असलेल्या आमच्या गावात ते बदलून आले तेव्हा विहिरी आटल्या होत्या. दूध सोसायटीनं गावाबाहेर जनावरांसाठी चारा छावणी उघडली होती आणि माळाच्या पायथ्याला पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. माझी आई त्या कामावर माती वाहायची. पाणी टँकरनं यायचं. तो आधी गावात थांबायचा, आणि पाणी उरलं तर आमच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या ओट्यापाशी.

गुरुजींइतका भित्रा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आभाळात ढगाचा पत्ता नसताना ते छत्री घेऊन फिरत, कुत्र्यांसाठी. खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघत. वाऱ्यानं शाळेवरचे पत्रे वाजले की बोलता बोलता थांबत आणि वर बघत. खिचडी शिजली की पहिला घास स्वतः खात आणि भिंतीला टेकून गप्प बसत. आम्ही ताटल्या हातात घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. थोड्या वेळानं ते म्हणत, “बसा जेवायला. मला काय झालं न्हाई.”

खिचडी करणाऱ्या मावशी चिडायच्या. “ओ गुर्जी, मी काय इख कालवते का त्याच्यात?”

“तुम्ही न्हाई हो मावशी. पण हे तेल कुठून आलंय ते तुम्हाला तरी माहीत हाय का?”

“न्हाई बा.”

“मग?” असं म्हणून ते पुन्हा भिंतीला टेकत.

आपण भितो हे त्यांनी कधी लपवलं नाही. वर्गावर आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, “मी लई भितो. तुम्ही बी भ्या, त्यात लाज न्हाई. पण भ्यायच्या आधी एकदा विचारायचं, कशावरून?”

‘कशावरून’ हा त्यांचा शब्द. आमच्याकडे सगळे ‘कावून’, म्हणजे का म्हणून, असं विचारतात. कावून आलास, कावून रडतीस, कावून गेलतास तिकडं. गुरुजींना त्यात काही तरी कमी वाटायचं. ते म्हणायचे, “कावून विचारलं की माणूस गोष्ट सांगतो. गोष्ट काय, कुणालाबी सांगता येते. कशावरून विचारलं की त्याला काही तरी दाखवावं लागतं.” गावानं त्यांचं नाव ‘कशावरून मास्तर’ पाडलं. पारावरची माणसं त्यांना बघितलं की मुद्दाम विचारायची, “मास्तर, आज मंगळवार हाय म्हणतेत. कशावरून?” गुरुजी छत्री सावरत म्हणायचे, “तेलगावच्या बाजाराला निघालेली माणसं बघितली का? मग बघा, आणि ठरवा.” आणि घाईघाईनं पुढं जायचे, कारण पाराखाली कुत्री असायची.

त्यांची शिकवायची रीत अशी होती. रोज शिकवताना ते एक खोटी गोष्ट सांगायचे. कोणती ते सांगत नसत. ज्या आवाजात खरं सांगायचे त्याच आवाजात खोटं, पापणीसुद्धा लवायची नाही. शाळा सुटेपर्यंत आम्ही ते शोधायचं, आणि खोटं कशावरून तेही सांगायचं. सापडलं तर त्या लेकराला शाळा सुटल्याची घंटा वाजवायला मिळे. नाही सापडलं, तर सुटायच्या आधी गुरुजी स्वतः फळ्यापाशी उभे राहून सांगत, “आजचं खोटं हे होतं. घरी नेऊ नका.”

एकदा त्यांनी सांगितलं की मुंग्या रविवारी काम करत नाहीत. मी हात वर केला. म्हणाले, “कशावरून?”

“काल रविवार होता. आमच्या पिठाच्या डब्यात मुंग्या होत्या.”

“कामाला आल्या होत्या का फिरायला?”

सगळा वर्ग हसला. मला रडू आलं. मी म्हणाले, “दाणा नेत होत्या.”

“एकाच रविवारी बघितलंस ना? त्या रविवारी त्यांच्यात काही अडचण असंल.”

सुटायच्या आधी त्यांनी ते खोटं म्हणून सांगितलं, पण घंटा मला पुराव्यावरच मिळणार होती, म्हणून मी पुढचे कितीतरी रविवार त्या डब्यापाशी बसून काढले. आईनं विचारलं, “काय करायलीस गं?” मी म्हणाले, मुंग्या बघायलेय, गुरुजींना दाखवायचंय. आई म्हणाली, “आधी घागर उचल, मंग इचार तुझं कशावरून.” पण शेवटी मी घंटा वाजवली. लोखंडी पट्टीवर हातोडी मारताना हात खांद्यापर्यंत झिणझिणला होता, ते अजून आठवतं.

सगळ्यांना वाटायचं, पोरांना गंमत येते. मला गमतीपेक्षा भीतीच जास्त वाटायची. दिवसभर ऐकलेल्यातलं कोणतं तरी एक खोटं आहे, हे डोक्यात घेऊन मी घरी जायचे. घरी गेल्यावर सगळंच तपासावंसं वाटायचं. यंदा पाऊस होईल, असं वडील म्हणायचे. कशावरून? मी हे मोठ्यानं विचारलं नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलानं त्याच्या बापाला विचारलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो गाल सुजवून आला होता. गुरुजींनी त्याला जवळ बसवून घेतलं. त्यांचा स्वतःचाच चेहरा उतरला होता. म्हणाले, “घरी विचारायचं ते मनात विचारायचं, लेकरांनो. मनात विचारलेलंबी चालतं.” तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपण काही तरी धोक्याचं शिकतोय आणि शिकवणाऱ्यालाही ते माहीत आहे.

आता शनिवारचं सांगते.

शनिवारी सकाळची शाळा. विषय होता पाणी. गुरुजींनी आधी सांगितलं की माणसाच्या अंगात हाडामांसापेक्षा पाणीच जास्त असतं. मग फळ्यावर पाझर तलावाची भिंत काढली. मध्ये काळी माती, दोन्ही बाजूंनी मुरूम, वरून दगड. आमच्या आया जिथं राबत होत्या तीच भिंत. खडूनं बरोबर मधे एक टिंब काढून ते म्हणाले, “आणि सगळ्यात आत एक लेकरू ठेवावं लागतं. जिवंत. त्याशिवाय तळ्यात पाणी ठरत न्हाई.”

त्यांनी हेच खोटं का निवडलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. असलं काही तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आम्ही आधीच ऐकलं होतं. पुलाखाली पोर पुरतात, धरणात पोर पुरतात. बहुतेक गुरुजींना वाटलं असेल, की हे खोटं आम्ही त्यांच्यासमोरच पकडावं, कशावरून विचारावं, आणि एकदाचं सोडून द्यावं. बहुतेक. खात्रीनं मला सांगता येत नाही.

कारण तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. टँकर तीन दिवसांनी आला होता. सगळा वर्ग दप्तरं टाकून घागरींसाठी घरी पळाला. गुरुजी दारात उभे राहून हाका मारत होते, “अरे थांबा, आजचं राहिलं!” कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी गुरुजींना तालुक्याला ट्रेनिंगला बोलावलं, ते काही दिवस आलेच नाहीत.

घागरी भरून होईपर्यंत आम्हीच ठरवून टाकलं, की आजचं खोटं कोणतं. माणसाच्या अंगात पाणी जास्त असतं, हे खोटं. घसा कोरडा, विहीर कोरडी, नदी कोरडी, आणि पाणी म्हणे आमच्या अंगात! मीच पहिल्यांदा म्हणाले, “हे खोटंच हाय. अंग दाबलं तर काय गळतंय का?” सगळ्यांना पटलं. एक खोटं सापडलं, म्हणजे उरलेलं सगळं खरं. तळ्यातलं लेकरूही खरं. ते आम्ही घरी नेलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. आधी एका घरात, मग दुसऱ्या घरात, मग पारावर तेच बोलणं. यंदाचं तळं मोठं हाय, पोर लागणार. मास्तरनं पोरांना फळ्यावर काढून दाखवलंय. जीप दिसली की बाया लेकरांना पदराखाली ओढायच्या. बायांनी तळ्याच्या कामावर जाणं सोडलं, आईनंही सोडलं. तिथला मुकादम वस्तीत येऊन ओरडून गेला, पण कुणी हललं नाही. मला आई परसाकडलाही एकटं जाऊ देईना. झोपताना ती माझ्या झंपरचं टोक मुठीत धरून झोपायची.

एके दिवशी दुपारी मी आईची नजर चुकवून शेजारच्या काकूंकडं जाऊन परत येत होते. बाभळीपाशी एक अनोळखी माणूस पंक्चर झालेली मोटारसायकल ढकलत समोरून आला. खांद्याला काळी बॅग. घामानं डबडबलेला. म्हणाला, “बाळ, छावणी कुणीकडं हाय गं?”

मी पळाले. ओरडलेसुद्धा नाही. पण मला पळताना बघितलं आणि माणसं त्याच्याकडं धावली.

मी आईला बिलगून मागं वळून बघितलं तेव्हा तो गर्दीच्या मधोमध होता. कुणी तरी बॅग उपडी केली. सुया पडल्या, बाटल्या पडल्या, दोर पडला.

“बघा, सुई! सुई टोचून नेतेत पोरं!”

“दोर कशाला रे घेतलास? बोल!”

तो हात जोडून म्हणत होता, “मी दूध संघाचा माणूस हाय. जनावरांना लस टोचायला आलोय. नवीन हाय मी इथं. छावणीवर इचारा, सोसायटीच्या चेअरमनला इचारा.”

“चेअरमन बीडला गेलेत. हे ह्याला बराबर माहीत हाय!”

त्याच्या कानाखाली बसली. मग पाठीत. गर्दीत आमच्या वस्तीची माणसं होती, गावातली होती, एरवी एका ओट्यावर न बसणारी. माझी आई माझा हात सोडून पुढं गेली होती. तिच्या हातात दगड होता. आईच्या हातात दगड मी कधी पाहिला नव्हता. हा माणूस आता मरणार हे मला कळलं.

तेव्हा गुरुजी आले. ते दुपारच्या एसटीनं तालुक्याहून परतले होते, पिशवी काखेतच होती. गर्दी बघून ते लांबच थांबले. मला वाटलं, ते परत फिरतील. ते गर्दीत शिरले नाहीतच. ते माझ्याकडं आले आणि माझ्यासमोर खाली बसले.

“काय झालं?” त्यांचा आवाज फाटला होता.

माझ्याऐवजी चारजण बोलले. “पोरीचा हात धरला ह्यानं!”

“तुम्ही बघितलं?” गुरुजी त्यांच्याकडं न बघताच म्हणाले, आणि पुन्हा मला, “तू सांग. कुठं उभी होतीस?”

“बाभळीपाशी.”

“ते गाडीवर बसले होते का ढकलत होते?”

“ढकलत होते.”

“एका हातानं का दोन्ही?”

मी डोळे मिटून बघितलं. “दोन्ही हातानं.”

“मग तुला धरलं कशानं?”

“धरलंच न्हाई. छावणी कुठं हाय म्हणाले.”

मारणारे हात थोडे थांबले. एवढ्यानं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. पण माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी पुढं झाली.

“ओ गुर्जी, ह्यानं धरलं नसंल आज. उद्या धरील. तळ्याला पोर लागतंयच की. तुमीच सांगितलं वर्गात, माझ्या नातवानं सांगितलं मला.”

“मी?” गुरुजी म्हणाले. “कधी?”

“शनिवारी गुरुजी,” मी म्हणाले. “खोटं तर दुसरं होतं ना? अंगात पाणी असतंय ते?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. सगळं रक्त उतरून गेलं होतं. ते उठून उभे राहिले आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. “अंगात पाणी असतं, ते खरं हाय. लेकराचं खोटं हाय. ते माझं खोटं हाय. मी बोललो, आणि सांगायचं राहिलं. तळ्याला लेकरू लागत न्हाई. कुठल्याच तळ्याला लागत न्हाई. ह्या माणसाला सोडा.”

मग मुकादम गर्दीतून बाहेर आला.

“म्हंजी तुझ्यापायी माझं काम बंद पडलं? खोटं शिकवायचा पगार घेतोस का बे?”

त्यानं गुरुजींच्या तोंडात मारली. छत्री पडली. आणखी दोघं-तिघं गुरुजींकडं वळले. मग सगळेच वळले. कुणी शिव्या दिल्या, कुणी ढकललं, आजीनं त्यांच्या पिशवीला लाथ मारली. गुरुजींनी हात वर केले नाहीत. आणि तो लस टोचणारा माणूस तिकडं आपल्या गाडीच्या चाकापाशी एकटाच बसून राहिला होता. त्याच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. असं होणार हे गुरुजींना बोलण्याआधी कळलं होतं का, मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही.

थोड्या वेळानं चेअरमनची जीप आली. त्यांनी त्या माणसाला ओळखलं, गर्दीवर ओरडले आणि त्याला जीपमध्ये घातलं. माणसं एकेक करून पांगली. मुकादमही गेला. पुढं कुणी तरी गुरुजींची तक्रार केली आणि सुट्टीनंतर त्यांची बदली झाली. ते कुठं गेले, आता कुठं असतात, मला कळलेलं नाही. सराव पाठात मी काय करणार, तेही अजून ठरत नाही. एक खोटं सांगून बघावं असं वाटतं. मग टँकरचा हॉर्न आठवतो.

त्या दिवशी आई घरी आली. मग तिनं माठातलं पिण्याचं पाणी घेतलं आणि हात धुतले, कोपरापर्यंत. त्या पाण्याला ती एरवी आम्हाला हात लावू देत नसे. नंतर तिनं तांब्या भरला. “गुर्जीला नेऊन दे. तोंडातून रगत आलं होतं त्यांच्या.”

ती मला एकटीला पाठवत होती. म्हणजे तिनं गुरुजींचं बोलणं खरं धरलं होतं.

गुरुजींची खोली गावाच्या कडेला होती. दिवस मावळायला आला होता. दार आतून लावलेलं. मी कडी वाजवली. आत काही तरी हललं आणि एकदम थांबलं. मी पुन्हा वाजवली.

“कोण हाय?”

“मी हाय, गुरुजी.” मी नाव सांगितलं.

“कशावरून?”

हा शब्द मी त्यांच्या तोंडून रोज ऐकला होता, पण असा कधी ऐकला नव्हता. ते मला काही शिकवत नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. आवाज कुणाचाही काढता येतो, नाव कुणीही सांगतं. तांब्यातलं पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं, तेव्हा मी खाली बघितलं.

“गुरुजी, दाराखाली फट हाय. तिथून बघा. माझे पाय दिसतेल. दोनच हायेत, दुसरं कुणी न्हाई.”

मी पाय जुळवून, अजिबात न हलता उभी राहिले. आत ते वाकल्याचं, जमिनीला हात टेकल्याचं ऐकू आलं. बराच वेळ गेला. मग कडी निघाली.

दार वीतभर उघडलं. ओठ सुजून काळा पडला होता. त्यांनी तांब्या घेतला आणि ते तोंड लावून घटाघटा प्यायले. मग म्हणाले, “तो माणूस?”

“जीपमध्ये बसून गेला.”

“तू बघितलंस, का कुणी सांगितलं?”

“बघितलं. पुढं बसला होता. बॅग मांडीवर होती. खिडकीचा दांडा धरला होता त्यानं.”

“धरला होता ना? हातानं?”

“हाव.”

त्यांनी डोळे मिटले. रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि रस्त्याकडं दोन्ही बाजूंनी बघितलं. “आता जा. उजेड हाय तोवर जा.”

मला वाटलं, माझी पाठ वळताच दार लागेल. मी कडीच्या आवाजाची वाट बघत चालत राहिले. आवाज आला नाही. वस्तीच्या वळणावर मागं बघितलं, तर दार सताड उघडं होतं आणि गुरुजी चौकट दोन्ही हातांनी धरून बाहेर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसतील असे उभे होते, मी घरी पोचते की नाही ते बघत.